बेकरीचा चुरा, मिलचा कोंडा, काजूचा कचरा – कोंबड्यांना काय चालतंय? (बेळगाव साइडवाल्यांनी सांगा)

मच्छे_कोंबडीवाला

नमस्कार मंडळी. मी मच्छेजवळ राहतोय, घरामागं शेड हाय, ३०० च्या आसपास पक्षी, निम्मी गिरिराजा जातीची निम्मी कावेरी जातीची. अंडी बेळगावात घरपोच देतोय, नाही म्हटलं तरी गावरानच्या जवळपास भाव मिळतोय. प्रॉब्लेम एकच, खाद्य. लेअर मॅशची (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) बॅग दर खेपेला थोडी थोडी वाढतेच, दुकानदाराला विचारलं तर म्हणतोय मका सगळा इथेनॉलला चाललाय आम्ही काय करू.

आता झालंय असं की ओळखीच्या एका बेकरीवाल्याकडं परत आलेला ब्रेड, तुटका टोस्ट, खारीचा चुरा असं रोज बरंच पडतंय, १० रुपये किलोनं न्या म्हणालाय. खानापूरला मेव्हण्याच्या ओळखीत काजूचं युनिट हाय, तिथं टरफल, साल, काळे तुकडे पोत्यानं पडून असतात, ते तर जवळजवळ फुकट. शिवाय भाताच्या मिलचा कोंडा मिळतोय. आणि एकजण म्हणाला साखर कारखान्याची मळी पाण्यातनं द्या, पक्षी टाइट होतात.

हे सगळं मिळून खर्च निम्म्यावर आणता येईल काय? म्हणजे निम्मं मॅश आणि निम्मं हे असलं. कोण घालतंय काय असं? अंडी कमी होतात का? यूट्यूबवर बघितलं तर प्रत्येकजण वेगळंच सांगतोय, एकजण तर पाव भिजवून टाकतोय आणि कोंबड्या नुसत्या तुटून पडायल्यात. आपल्या भागातल्या कुणीतरी सांगा की ओ.

निपाणी_एक्सप्रेस

तंबाखू तेवढी विचारायची राहिली बघा. आमच्याकडं भुकटी पोत्यानं मिळते, पाठवू काय?

मस्करी सोडा, पण खाद्यात नसली तरी जुनी माणसं अंड्यावर बसवलेल्या कोंबडीखाली तंबाखूची पानं घालायची, उवा होऊ नयेत म्हणून. बाकी खाद्यातलं चिकोडीवाले सांगतील, ते हिशोबाचे पक्के आहेत.

चिकोडी_लेअर

बोलावलंच आहे तर बसून लिहितो, लांब होणार आहे.

दादा तुमचा प्रश्न उलटा करून बघा. ३०० पक्षी, एका पक्ष्याला दिवसाला ११० ग्रॅम धरा, म्हणजे रोज ३३ किलो, महिन्याला टनभर. यात मका किंवा मक्यासारखं काहीतरी निम्म्याच्या वर, सोया पेंड पाचवा हिस्सा, शिंपला ८-९ टक्के, उरलेला कोंडा आणि बारीकसारीक. ब्रेड हा मक्याच्या जागी जातो, सोयाच्या नाही. ब्रेड म्हणजे मैदा, त्यात ताकद मक्याएवढी असते, प्रोटीन १०-११ टक्क्याच्या आसपास, ते पण हलक्या प्रतीचं, लायसिन (प्रोटीनमधला एक गरजेचा घटक) त्यात नावाला. त्यामुळं "निम्मं मॅश निम्मं ब्रेड" केलं की अख्ख्या खाद्याचं प्रोटीन १७ वरनं सरळ १३-१४ वर येतंय, कॅल्शियम निम्मं, व्हिटॅमिन निम्मं. पक्षी दिसायला गुबगुबीत होतील, पोटात चरबी धरतील आणि अंडं बंद. शिंपला कमी पडला की कवच कागदासारखं होतंय, घरपोच देताना बॅगेतच फुटतंय, तुम्हाला ते जास्त महागात.

आता १० रुपयाचं. ताज्या ब्रेडमध्ये ३५ टक्क्यापर्यंत पाणीच असतंय. १०० किलो आणला, उन्हात वाळवून १० टक्क्यावर आणला, हातात राहिला ७२ किलो. म्हणजे तुमचा ब्रेड १० चा नाही, १४ चा झाला. त्यात पिशव्या फाडणं, वाळवणं, दळणं धरा, १५ धरा. मका २४ धरला तर किलोमागं ९ रुपये वाचतात. आणि १० टक्के ब्रेड घातला तर महिन्याला १०० किलोच लागतो. म्हणजे वाचले किती, ९०० रुपये. मी वाईट म्हणत नाही, पेट्रोलचा खर्च निघतोय, पण खर्च निम्म्यावर वगैरे डोक्यातनं काढा. टोस्ट खारी मात्र मुळातच वाळलेली असते, ती त्याच भावात मिळाली तर ब्रेडपेक्षा ती आधी उचला. खारीत डालडा भरपूर, खवट वास यायला लागला की नको.

दुसऱ्या बाजूचा हिशोब बघा. तुमची ३०० पक्ष्यांची रोज १५० अंडी धरू. खाद्य बिघडून फक्त ५ टक्के पडली तर रोजची सात-आठ अंडी गेली, १० रुपयानं महिन्याला सव्वादोन हजार. ब्रेडनं दिले ९००, अंड्यानं नेले सव्वादोन हजार. म्हणून आधी प्रमाण आणि मग स्वस्ताई.

आणि मीठ. हे कुणी यूट्यूबवर सांगत नाही. वाळलेल्या ब्रेडमध्ये सव्वा ते दीड टक्का मीठ असतंय, आणि कोंबडीच्या अख्ख्या खाद्यात मीठ अर्ध्या टक्क्याच्या आतच पाहिजे. १०-१५ टक्के ब्रेड घातला तर वरनं घालायचं मीठ तेवढं कमी करायचं, नाहीतर पक्षी पाणीच पाणी पितात, विष्ठा पातळ, लिटर (शेडमध्ये खाली पसरलेला भुसा) ओलं, आणि मग वास मारायला लागतंय. फरसाण, शेव, चिवडा असलं काही बेकरीवाल्यानं मिसळून दिलं तर ते बाजूला काढा, त्यात मीठ पण आणि तळलेलं जुनं तेल पण.

मी स्वतः पावसाळ्यात ब्रेड घेतच नाही. आपल्याकडं जून ते सप्टेंबर ऊन कुठलं ओ, गच्चीवर पसरलं की संध्याकाळी सादळतंय. मार्च ते मे मात्र ताडपत्रीवर पातळ पसरलं की चुरचुरीत होतंय, हातानं मोडलं की टक्कन तुकडा पडला पाहिजे. वाकला तर वाळला नाही.

१०० किलोचं आमचं मिश्रण सांगतो, तुम्ही आपल्या हिशोबानं बघा. मका ४७, वाळलेला ब्रेड-टोस्ट १०, तेल काढलेला कोंडा १०, सोया पेंड २२, शिंपला ९, डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर) सव्वा, आणि उरलेल्या पाऊण किलोत व्हिटॅमिन-मिनरल, मिथिओनिन (लायसिनसारखाच प्रोटीनमधला घटक), चिमूटभर मीठ. प्रोटीन साडेसोळाच्या वर बसतंय. बदल एकदम करू नका, आठ-दहा दिवसात हळूहळू. पक्षी चोखंदळ असतात ओ, चव बदलली की दोन दिवस खाद्यात तोंड घालत नाहीत.

मळी पाण्यातनं अजिबात नको. मळीत पोटॅशियम लई, ढाळ लागल्यासारखं होतंय, लिटर ओलं झालं की कॉक्सी (आतड्याचा रोग) आलाच म्हणून समजा. घालायचीच तर खाद्यात २-३ टक्के, धूळ बसायला बरी, त्याच्यावर नको. आणि मळी कुणी बादलीनं विकत पण नाही, एक्साइजच्या कक्षेतला माल आहे तो.

खानापूर_अक्का

भाऊ, काजूचं मी सांगते, आमच्या घरात तीन पिढ्या काजूच.

टरफल म्हणजे बाहेरचं जाड कवच, त्याला हात पण लावू नका. त्यात जे काळं तेल असतंय त्यानं बायकांच्या बोटांची कातडी सोलून निघते, म्हणून तर काजू फोडताना हाताला तेल नाहीतर राख लावतात. ते कोंबडीच्या पोटात घालायचं? ते भट्टीत जाळायला जातंय, तिथंच जाऊ दे.

गराच्या वरची तांबूस साल, पापुद्रा म्हणतो आम्ही, ती कितीतरी जण कोंडा म्हणून खपवतात. दिसायला छान, हलकी, पोतं भरून. पण तिच्यात टॅनिन असतंय, चाखून बघा, जीभ आखडते. चहाचा काढा प्यायल्यासारखं. प्रोटीन अंगी लागू देत नाही ती. फुकट मिळते म्हणून घालू नका.

राहिले काळे, कीड लागलेले, चुरा झालेले तुकडे. हे चालतात, पण ह्यात तेल ४० टक्क्याच्या वर असतंय, म्हणून थोडेच, आणि बुरशी आलेले नकोत. पण खरं सांगू, आता ते तुकडे पण फुकट कुणी देत नाही, मिठाईवाले, मसालेवाले घेऊन जातात. तुमच्या मेव्हण्याला नीट विचारा, पोत्यात नेमकं काय आहे. बहुतेक टरफल आणि सालच असणार.

बोंडू, म्हणजे काजूचं फळ, आमच्याकडं मे महिन्यात झाडाखाली कुजून पडतात, गावरान कोंबड्या आपोआप टोचतात, त्याचं काही बिघडत नाही. पण बंदिस्त शेडमध्ये गोळा करून आणायच्या भानगडीत पडू नका, दुसऱ्या दिवशी आंबतात.

कोंड्याचं एक बघा. हलर मिलचा कोंडा आणि शेलर मिलचा कोंडा यात जमीन-अस्मानाचा फरक. हलरमध्ये तूस (भाताचं टरफल) आणि कोंडा एकत्र दळून येतोय. मूठभर घेऊन तळहातावर चोळा, टोचलं की तूस. मग फुंकर मारा, चमकणारे पापुद्रे उडाले की तूस. ते कोंबडीला पचत नाही, नुसतं पोट भरतंय. पॉलिशचा कोंडा मऊ असतो, मुठीत दाबला की गोळा होतो, गोडसर वास येतो. पण तो आणल्यापासनं आठवड्यात संपवायचा, त्यातलं तेल खवट होतंय. साठवायचा असेल तर चिकोडीवाले म्हणतात तसं तेल काढलेलाच घ्या.

मच्छे_कोंबडीवाला

बापरे, एवढं सगळं. अक्का थँक्यू, मेव्हण्याला फोन केला तर तो पण आता म्हणतोय "सालच असते बहुतेक". म्हणजे काजूचा विषय संपला.

चिकोडीवाले काका तुमचा हिशोब बघून थोडा निराशच झालो, खोटं कशाला सांगू. ९०० रुपयासाठी गच्चीवर पाव वाळवत बसायचं म्हणजे बायको मला वाळवणार. मग सोयाचा खर्च कमी करायला काही हाय काय? कारण २२ टक्के म्हणजे महिन्याला सव्वादोनशे किलो सोया, सगळ्यात जास्त पैसा तिथंच जातोय. एकजण डीडीजीएस घ्या म्हणालाय, डिस्टिलरीचा माल, "सोयापेक्षा भारी आणि स्वस्त". आणि आमच्याकडं म्हशीला सरकी पेंड असतेच, ती थोडी मिसळली तर? शेजारच्यांचं सोयाबीन पण हाय घरात, ते दळून?

निवृत्त_पशुवैद्य_बैलहोंगल

राम राम. तीन प्रश्न विचारलेत, तिन्ही महत्त्वाचे.

सोयाबीन कच्चं दळून अजिबात नको. कच्च्या सोयात प्रोटीन पचवणाऱ्या रसाला अडवणारा घटक असतो, तो उष्णतेनं मरतो. भाजून किंवा शिजवून मगच. पेंड कारखान्यातून भाजूनच येते म्हणून ती चालते.

सरकी पेंड म्हशीला उत्तम, अंड्यावरच्या कोंबडीला नको. तिच्यात गॉसिपॉल असतं, रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला फारसं बाधत नाही, पण कोंबडीच्या अंड्यातला बलक हिरवट, शेवाळी रंगाचा होतो, अंडं साठवून ठेवलं की जास्तच. तुमचं गिऱ्हाईक घरपोचचं आहे, एकीनं हिरवा बलक बघितला की सगळ्या गल्लीत बोंब. एरंडीची पेंड खत म्हणून मिळते, ती तर विषच, एका शेडमध्ये ठेवू पण नका.

डीडीजीएस चांगली वस्तू आहे, पण कुठला हे बघा. धान्यातला स्टार्च दारूला किंवा इथेनॉलला गेला की उरलेलं वाळवून डीडीजीएस होतं. मक्याच्या डीडीजीएसमध्ये प्रोटीन २७ टक्क्याच्या आसपास, तांदळाच्यात ४० ते ४५. दुकानदार दोन्हीला डीडीजीएसच म्हणतो आणि दर तांदळाचा लावतो. स्टार्च निघून गेल्यामुळं बाकी सगळं साधारण तिपटीनं घट्ट होतं, प्रोटीन तसं आणि मूळ धान्यात बुरशीचं विष असेल तर ते पण तिप्पट. पोल्ट्री खाद्यासाठी आयएस १३७४ या भारतीय मानकात अफ्लाटॉक्सिनची (हेच बुरशीचं विष) मर्यादा २० पीपीबी, म्हणजे अब्जात २० भाग, आहे, डीडीजीएसचा रिपोर्ट मागितल्याशिवाय घेऊ नका. रंग फिका सोनेरी असावा. कॉफीसारखा काळपट असेल तर वाळवताना जळलेला, त्यातलं लायसिन गेलेलं असतं, कागदावर प्रोटीन दिसतं पण कोंबडीच्या उपयोगी पडत नाही.

अजून एक भानगड म्हणजे युरिया. लॅबमध्ये प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून सव्वासहानं गुणतात. युरियात नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे १०० किलोत १ किलो युरिया मिसळला की कागदावर जवळजवळ ३ टक्के प्रोटीन वाढतं. म्हशीला थोडा युरिया पचतो, कोंबडीला नाही. घरच्या घरी ढोबळ तपासणी: तुमच्या शेजाऱ्याचं तेच कच्चं सोयाबीन बारीक दळा, चमचाभर पीठ आणि दोन-तीन चमचे डीडीजीएस बरणीत घाला, कोमट पाणी ओता, झाकण घट्ट लावून अर्धा-पाऊण तास ठेवा. उघडल्यावर नाकात अमोनियाचा झणका आला तर युरिया आहे असं समजा. कच्च्या सोयातच युरिया फोडणारं एन्झाइम असतं, म्हणून भाजलेलं चालत नाही. संशय आला तर लॅब. मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, नमुना कुठं द्यायचा ते सांगतील.

प्रमाण लेअरला ५ टक्क्यापासून सुरू, जास्तीत जास्त १०. सोया पूर्ण काढायचा नाहीच. तांदळाचा डीडीजीएस ५ टक्के घातला तर सोया तेवढाच कमी करा आणि लायसिन वेगळं घाला.

ब्रेडबद्दल एकच जोड देतो. बुरशी आलेला भाग काढून उरलेला घालायचा, असं बरेच जण करतात. चालत नाही. हिरवं-काळं दिसतं तेवढ्यातच बुरशी नसते, आणि उन्हात वाळवल्यानं किंवा भाजल्यानं विष जात नाही, बुरशी मरते एवढंच.

गोकाक_मका

सर बरोबर. आमच्या गोकाक साइडला मक्याचं स्टार्च काढतात, तिथनं दोन प्रकार बाहेर पडतात ते वेगळे ओळखा. एक मक्याचं ग्लुटेन, पिवळंधमक, प्रोटीन ६० टक्क्याच्या आसपास, महाग. दुसरं ग्लुटेन फीड, प्रोटीन २० च्या आसपास, फायबर जास्त, ते गाई-म्हशीचं. पोल्ट्रीला पहिलं, ३-४ टक्के, जास्त नाही कारण त्यात पण लायसिन कमी.

त्याचा फायदा प्रोटीनपेक्षा रंगाचा. ब्रेड, तांदूळ, कोंडा यात पिवळा रंग काहीच नाही, मका कमी करून हे वाढवलं की बलक पांढुरका होतोय, आणि मच्छेवाल्यांचं गिऱ्हाईक "गावरान" म्हणून केशरी बलक बघणार. ग्लुटेन परवडलं नाही तर लसूण घास, शेवग्याचा पाला, नवरात्र-दसऱ्यानंतर झेंडूची वाळलेली फुलं चुरून घाला. देवळाबाहेर ढीग लागतात त्यातली नकोत, हळद-कुंकू, अगरबत्ती, दोरा सगळं असतंय, शेतातली घ्या.

निपाणी_एक्सप्रेस

हॉटेलचं उरलेलं कुणी विचारलं नाही अजून. आमच्या हायवेवरच्या एका ढाब्यावरनं एकजण रोज बादली न्यायचा, भात, रस्सा, हाडं सकट. पक्षी मेले लई.

निवृत्त_पशुवैद्य_बैलहोंगल

हॉटेलची बादली नकोच. मीठ-तिखट-तेल एकीकडं, पण त्यात कोंबडीची हाडं, अंड्याची कच्ची टरफलं असतात आणि कोंबडीचे रोग कोंबडीतूनच परत येतात. बेकरीतली अंड्याची टरफलं कॅल्शियमसाठी वापरायची असतील तर चांगली उकळून, वाळवून, बारीक करून. मोठे तुकडे टाकले तर पक्षी स्वतःची अंडी फोडून खायला शिकतात.

मच्छे_कोंबडीवाला

सर, अक्का, सगळ्यांनाच धन्यवाद. ठरवलंय असं, ब्रेड नाही, फक्त टोस्ट आणि खारी घेणार, ती पण दिवाळीनंतर ऊन पडलं की. काजू बंद, मळी बंद, सरकी म्हशीलाच. डीडीजीएस आधी अर्धा किलो नमुना मागवतो आणि ती बरणीची तपासणी करतो. कोंडा आमच्या गल्लीतल्या मिलचाच घेत होतो, आज हातावर चोळून बघितला, टोचला. हलर हाय वाटतं.

चिकोडीवाले काका एकच विचारायचं राहिलं, बेकरीवाला केक आणि क्रीम बिस्किटाचा चुरा पण त्याच क्रेटमध्ये टाकतोय, तो चालतोय काय?

चिकोडी_लेअर

साधा केक, ग्लुकोज बिस्कीट थोडं चालतंय, साखर जास्त म्हणून विष्ठा पातळ होते तेवढंच. चॉकलेटचं काहीही नको, कोकोमधला घटक पक्ष्यांना विषारी असतोय. त्याला सांगा दोन क्रेट ठेव, एकात फक्त टोस्ट-खारी, आणि प्लास्टिक तूच काढून दे, त्याचे किलोमागं एक रुपया जास्त दिले तरी परवडतंय. रॅपरचा तुकडा दळताना खाद्यात गेला की पोटात अडकून बसतोय.

आणि हलरवाल्याला सोडा, वडगावकडं शेलर मिल असेल तर विचारा.

खानापूर_अक्का

वडगाव कशाला, आमच्याकडं या, इंद्रायणी भाताचा कोंडा ताजा मिळतोय. फक्त मोठं पोतं आणू नका, आठवड्याचाच न्या.